ज्युलिएट मोठी नक्की कुठे होते? (बाल्कनीत नाही, असं माझं म्हणणं)

सावरीकापूस

भाचीला कॉलेजच्या स्पर्धेत एकपात्रीसाठी ज्युलिएटचा तो मेल्यासारखं पाडणारं औषध पिण्याआधीचा प्रवेश दिलाय, चौथ्या अंकातला, आणि तिला सांगण्यात आलंय की "प्रेमात वेडी झालेली कोवळी मुलगी दाखव, डोळ्यात पाणी पाहिजे". तिचा मला फोन, आत्या तू वाच ना जरा, ही यात रडते कुठे? मी वाचलं, आणि मग मागचं संदर्भासाठी वाचता वाचता अख्खं नाटकच परत वाचून काढलं, आणि आता डोकं भणभणतंय म्हणून हा धागा.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात ज्युलिएट म्हणजे गॅलरीत उभी, चांदणं, खाली रोमिओ. तिथेच ती प्रेमात पडते म्हणजे तिथेच मोठी होते असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. ती मोठी होते तिसऱ्या अंकाच्या शेवटी, आणि ते रोमिओमुळे नाही, दाईमुळे.

आधी ती कुठून सुरू होते बघा. पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश. आई बोलावते म्हणून दाई हाका मारते, ही येते, काय गं कोण बोलावतंय विचारते, आणि मग जवळजवळ सगळा प्रवेश दुसऱ्याच दोघी बोलतात. आई म्हणते दाई तू जरा बाहेर जा आम्हाला खाजगी बोलायचंय, आणि त्याच दमात म्हणते नको नको परत ये. म्हणजे पोटच्या पोरीशी लग्नाचा विषय काढायला बाईला दाईचा आधार लागतो. आणि दाई एकदा सुरू झाली की कोणाच्या बापाला थांबत नाही. पोर येत्या ३१ जुलैच्या रात्री चौदाची होणार, माझी सुझन हिच्याच वयाची होती ती देवाघरी गेली, भूकंपाला अकरा वर्षं झाली, त्याच दिवशी मी हिचं दूध तोडलं, छातीला कडू दवणा लावून कबुतरखान्याच्या भिंतीपाशी ऊन खात बसले होते (आपल्याकडे कोरफड लावतात तोच प्रकार), आदल्या दिवशी पोर पडून कपाळाला टेंगूळ आलेलं तेव्हा माझा नवरा काय चावट बोलला होता, आणि ते चावट परत परत. यात ज्युलिएटला मिळतात मोजून काही ओळी. पुरे ना आता दाई. लग्नाबद्दल काय मत? "त्या मानाचं मी स्वप्नसुद्धा पाहिलेलं नाही." पॅरिस (तिला मागणी घालणारा सरदार) आवडेल का? बघून आवडतो का ते बघेन, पण तुमची संमती असेल त्याच्यापुढे नजर जाणार नाही.

हा रविवार. मंगळवारी रात्री हीच पोर उशाशी खंजीर ठेवून एकटी औषध पिते. मधे दोन दिवस.

आता तो तिसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश. पहाटे रोमिओ उतरून गेलाय. आई येते, गुरुवारी पॅरिसशी लग्न म्हणून सांगते. ही नाही म्हणते. मग बाप येतो आणि तो जे बोलतो ते आजही वाचवत नाही, हात शिवशिवतायत माझे, नाही आलीस तर फरपटत नेईन, रस्त्यावर भीक माग उपाशी मर पण माझी म्हणून ओळखणार नाही. ती गुडघ्यावर बसलेली आहे. बाप जातो. ती आईकडे वळते, महिनाभर नाहीतर आठवडाभर तरी पुढे ढकल म्हणते, आई म्हणते माझ्याशी बोलू नकोस, तुझं तू बघ, आणि जाते. उरते दाई, जिने हिला दूध पाजलं, जिने रोमिओचे निरोप आणले, दोराची शिडी आणली, जिला हिचं लग्न झालंय हे माहितीये. आणि ती दाई म्हणते, करून टाक पॅरिसशी. फार देखणा माणूस. रोमिओ त्याच्यापुढे भांडी पुसायचं फडकं. पहिला मेल्यातच जमा.

ज्युलिएट विचारते, मनापासून बोलतेस? दाई म्हणते मनापासून आणि आत्म्यापासून, खोटं असेल तर दोन्हीचं वाटोळं होवो. ज्युलिएट म्हणते, "आमेन." दाई म्हणते काय? आणि मग ते वाक्य, ज्याच्यासाठी मी हे सगळं टायपतेय: तू माझं अगदी छान सांत्वन केलंस हो. आत जा आणि आईला सांग, बाबांना दुखावलं म्हणून मी फ्रायर लॉरेन्सकडे (यांचं गुपचूप लग्न लावणारा पाद्री) कबुलीला गेलेय.

दाईला काही कळत नाही. ती खूश. "शहाण्यासारखं केलंस" म्हणून जाते. ती गेल्यावर ज्युलिएट म्हणते, म्हातारे सैतानी, आजपासून माझं मन आणि तू वेगळे.

रडणं नाही, भांडण नाही, दोन मिनिटांपूर्वीपर्यंत ही दाईला प्रत्येक गोष्ट विचारत होती. त्या "आमेन"मधे ती मोठी झाली असं माझं मत. तुमचं?

ठाकूरद्वार

लेख आवडला पण पटला नाही. मुलगी रविवारी रात्री एका मुलाला भेटते, सोमवारी दुपारी लग्न, गुरुवार उजाडायच्या सुमारास दोघं खलास. याला मोठं होणं म्हणत नाहीत, याला उतावीळपणा म्हणतात. तेरा वर्षांची पोर तेरा वर्षांच्या पोरीसारखी वागली आणि मेली. शेक्सपिअरला घाईची गोष्ट सांगायची होती, बास. दाईने दिलेला सल्ला वाईट होता हे मान्य, पण वाईट सल्ला ओळखला म्हणजे प्रौढ झाली का?

पिंगळा

+१ धागाकर्तीला. वाचनखूण साठवली.

मास्तर_निवृत्त

ठाकूरद्वार, घाईचा मुद्दा बरोबर आहे पण तो तुमच्या विरुद्ध जातो, कसं ते सांगतो.

शेक्सपिअरने ही गोष्ट स्वतः रचलेली नाही. इटलीत ती आधीपासून फिरत होती, दा पोर्तोने लिहिली, बांदेल्लोने लिहिली, आणि इंग्रजीत आर्थर ब्रूकने १५६२ साली तिच्यावर लांबलचक काव्य केलं. शेक्सपिअरने समोर ठेवलं ते मुख्यतः ब्रूकचं. ब्रूकमधे गोष्ट कित्येक महिने चालते, लग्नानंतर रोमिओ बरेच दिवस लपूनछपून येतजात असतो. आणि ब्रूकची ज्युलिएट सोळाच्या आसपासची. शेक्सपिअरने दोन गोष्टी मुद्दाम केल्या. महिने काढून चार-पाच दिवस ठेवले, आणि मुलीचं वय उतरवून चौदालाही काही दिवस कमी केलं. शिवाय ब्रूकने प्रस्तावनेत या जोडप्याला चांगलंच झापलंय, आईबापांचं ऐकलं नाही, वासनेच्या आहारी गेले, म्हणून हा शेवट. नाटकात ही शिकवण उरलेलीच नाही.

आता मुलगी लहान करायची आणि वेळही कमी करायचा, असं कोणी का करेल? उतावीळपणाच दाखवायचा असता तर सोळा वर्षांची पुरली असती. मला वाटतं त्याला बदल दिसायला हवा होता. जितकी लहान तितकी उडी मोठी.

आणि एक नेहमीचा गैरसमज, येईलच कोणीतरी घेऊन म्हणून आधीच लिहितो. "तेव्हा तिकडे मुलींची लग्नं तेराव्या वर्षीच व्हायची" हे चूक. कायद्याने मुलीला बारा आणि मुलाला चौदा चालायचं, पण सर्वसाधारण इंग्रज मुलगी लग्न करायची ती पंचविशीच्या आसपास. खुद्द शेक्सपिअरची बायको लग्नाच्या वेळी सव्वीसची होती, हा अठराचा. म्हणजे लंडनच्या प्रेक्षकालाही तेरा ऐकून दचकायला होत असणार. पहिल्या अंकात बापच पॅरिसला सांगतो की पोर अजून चौदाची नाही, दोन उन्हाळे जाऊ देत. पॅरिस म्हणतो हिच्याहून लहान मुली आया झाल्यात. बाप म्हणतो, आणि लवकर झाल्या त्या लवकर नासल्याही.

पैठणी

मास्तर, तो बाप दोन दिवसांत पालटतो त्याचं काय? दोन वर्षं थांब म्हणणारा माणूस सोमवारी रात्री उशिरा पॅरिसला म्हणतो आज वार काय, सोमवार? मग बुधवार फार लवकर होतो, गुरुवार करू. नंतर तोही मंगळवारी बदलून परत बुधवारवर आणतो. घरात मयत झालंय (ज्युलिएटचा मामेभाऊ टिबाल्ट, रोमिओच्या हातून मेला, म्हणूनच रोमिओ हद्दपार) म्हणून पाव्हणे फार बोलवायचे नाहीत हेही ठरवून मोकळा. पोरीला विचारलेलं नाही. हा बाप आपल्या ओळखीचाच आहे, शांत असताना गोड आणि शब्द मोडला की राक्षस.

पण मी आले ते दाईची बाजू घ्यायला. सावरीकापूस, तुम्ही दाईला फार झोडपलंत. परत वाचा तो प्रवेश. बाप ओरडत असताना मधे कोण पडतं? आई नाही. दाई म्हणते, देव भलं करो तिचं, मालक चूक तुमची आहे तिला असं बोलायला. नोकर बाई मालकाला तोंडावर सांगते. तो तिला गप बस शहाणे म्हणतो तरी ती परत बोलते, माणसाने बोलूपण नये का? त्या घरात तिचं काय होतं? हाकललं असतं तर जायचं कुठे? नवरा नाही, मुलगी नाही. तिला दिसतंय की रोमिओ हद्दपार, परत आला तर मरण, पॅरिस श्रीमंत आणि राजघराण्यातला, पोर जगायला पाहिजे. ती पोरीला जगवायचं बघतेय. हा सल्ला पापाचा असेल पण प्रेमातूनच आलेला आहे.

सावरीकापूस

पैठणी, दाई दुष्ट आहे असं मी कुठे म्हटलंय. ती दुष्ट असती तर माझा मुद्दाच उरत नाही! दुष्ट माणसाने दगा दिला तर त्यात मुलीने मोठं व्हायला काय आहे. प्रेम करणारं माणूस प्रेमानेच असा सल्ला देतं, आणि त्या माणसाला तुम्ही आतून काय आहात हे कळलेलंच नाही हे तुम्हाला दिसतं, आणि ते तुम्ही त्याला सांगतसुद्धा नाही. सांगून काही होणार नाही हे तिला कळतं. ज्युलिएटला दाईचा राग आलाय पण तिने वाद घातला नाही ह्यावर माझं बोट आहे. सोमवारी रोमिओबद्दल दाई वाईट बोलली तेव्हा "जीभ झडो तुझी" म्हणून अंगावर गेली होती की. मंगळवारी अंगावर जात नाही.

रंगपट

नाटकवाला म्हणून दोन पैसे माझे. खोटं बोलायला ती दाईपाशी सुरुवात करत नाही हे आधी नोंदवू, कारण त्याच प्रवेशात त्याआधी आईशी जे बोलते ते बघा. आई समजते की ही टिबाल्टच्या मरणाने रडतेय, आणि रोमिओला शिव्या घालत असते. ज्युलिएट तिला अशी उत्तरं देते की प्रत्येक वाक्याला दोन तोंडं. मला रोमिओ बघायला मिळेपर्यंत चैन नाही... मेलेला... आहे माझा जीव, असं काहीसं, म्हणजे "मेलेला" हा शब्द मधे असा टांगून ठेवलाय की आईने मागच्याला जोडावा आणि आपण पुढच्याला. इंग्रजीत ऐकायला भारी लागतं. तालमीत नटी हे वाक्य म्हणताना तिथे किती थांबते यावर सगळं. जास्त थांबली तर आईला कळेल, नाही थांबली तर प्रेक्षकाला कळणार नाही.

पण तरी धागाकर्तीशी सहमत, कारण आईशी खोटं बोलणं तिला अवघड नाही, आईशी तिचं कधी खरं बोलणंच नव्हतं. दाईशी होतं.

आणि तुम्ही लोक पुढचा प्रवेश विसरताय. ती फ्रायरकडे जाते तर तिथे पॅरिस आधीच उभा. तो म्हणतो या माझ्या सौभाग्यवती. ही म्हणते, तसं होईल, मी पत्नी होऊ शकेन तेव्हा. तो म्हणतो गुरुवारी होणारच आहे. ही म्हणते, होणार ते होणारच. पोट ढवळत असताना असं गुळगुळीत बोलणं, एकेक ओळ तो टाकतो ती परतवते, टेबल टेनिस. रविवारची "तुमची संमती असेल तेवढंच बघेन" वाली पोर आठवा. तेव्हाही शब्द गुळगुळीतच होते, पण तेव्हा ते आईने शिकवलेले होते. हे तिचे स्वतःचे आहेत.

अवांतर: ही भूमिका लिहिली गेली ती मुलासाठी. इंग्लंडात १६६० पर्यंत सार्वजनिक रंगमंचावर बायका नव्हत्या, आवाज न फुटलेली पोरं करायची. म्हणजे हे सगळं लिहिताना त्याच्या डोळ्यासमोर कंपनीतला कोणीतरी चुणचुणीत पोरगा असणार. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला यात नवल वाटायचं कारण नाही.

कडूकारले

कोणीतरी शारदाबद्दल बोला की. देवलांची शारदा १८९९ ची, तीपण त्याच वयाच्या आगेमागे, तिचाही बाप लग्न ठरवून मोकळा, फक्त पॅरिसच्या जागी पाऊणशे वयमानाचा म्हातारा. आणि त्याच्या आठच वर्षं आधी, १८९१ ला, संमतीवयाचं दहावरून बारा केलं तर पुण्यात केवढा गदारोळ. आपल्याला तेरा वर्षांची नायिका ऐकून विलायती नवल वाटायला नको.

मास्तर_निवृत्त

कडूकारले, तुलना चांगली आहे, फरक एकच सांगतो. शारदेला सोडवायला देवलांनी बाहेरून माणसं आणली. कोदंड आहे, शेवटी शंकराचार्यांचा निर्णय येतो. देवलांना समाजाला बोलायचं होतं, त्यामुळे समाजातूनच सुटका यायला हवी. ज्युलिएटकडे बाहेरून एकच माणूस येतो, फ्रायर, आणि तो शेवटी थडग्यातून पळून जातो. शारदा दुःखी आहे, पण तिला घरात सगळ्यांशी दोन-दोन अर्थाचं बोलावं लागत नाही.

नको_ते_प्रश्न

एक बेसिक डाऊट, हसू नका. ती मंगळवारी पहाटे रोमिओबरोबरच का निघून गेली नाही? दोराची शिडी होती ना तयार. दोघं मँटुआला, विषय संपला. हे औषध, थडगं, पत्र, कशाला एवढं?

रंगपट

पहाटे पॅरिसचं लग्न तिला माहीतच नव्हतं हो. रोमिओ उतरतो आणि लगेच आई येते. फ्रायरचा प्लॅन असा की रोमिओने मँटुआत थांबायचं, मग योग्य वेळ बघून लग्न जाहीर करायचं, दोन घरांत समेट, राजाकडून माफी, आणि वाजतगाजत परत. त्या पहाटे पळून जायला कारणच नव्हतं.

पैठणी

आणि नंतर जाणार कशी? त्या पोरीला घराबाहेर पडायला अख्ख्या नाटकात एकच सबब चालते, चर्चमधे कबुलीला जाते. लग्नाला जातानाही तीच सबब, औषध आणायला जातानाही तीच. रोमिओ बघा गावभर हुंदडतोय, रात्री भिंती चढतोय, मारामाऱ्या करतोय. ती घर, बाग, चर्च, थडगं. बास चार जागा.

सावरीकापूस

पैठणी, हे मस्त आहे, चार जागा. आणि यातलं थडगंसुद्धा घराण्याचंच.

ठाकूरद्वार

बरं चला, ती हुशार आहे, बोलायला पक्की आहे हे मान्य. पण मग रोमिओचं काय? तो पण फ्रायरच्या खोलीत जमिनीवर लोळून रडतो, स्वतःला भोसकायला निघतो. फ्रायर त्याला झाडतो की बायकांसारखा रडतोस काय. तिचं वेगळं काय? उलट दाई तिथेच सांगते की तिकडे तीपण अशीच पडून रडतेय, हुंदके देतेय. दोघं सारखेच.

रंगपट

सोमवारी सारखेच, एकदम मान्य. हद्दपारीची बातमी कळल्यावर दोघंही कोलमडतात, आणि दाई दोन्हीकडे हजर म्हणून ती सांगू शकते. फरक मंगळवारी पडतो. ज्युलिएट त्याच फ्रायरकडे येते, तिच्याही हातात सुरी आहे, पण ती म्हणते तुमचं वय आणि अनुभव आहे, मला मार्ग सांगा, नसेल सांगता येत तर ही सुरी मार्ग काढेल. म्हणजे आधी सल्ला मागते, अट घालते, उत्तराची वाट बघते. रोमिओला तिच्या मरणाची (खोटी) बातमी कळल्यावर तो कोणालाच विचारत नाही, तडक विषवाल्याकडे.

बाल्कनीतसुद्धा हेच आहे पण चांदण्यात दिसत नाही. तो चंद्राची शपथ घ्यायला जातो, ती म्हणते चंद्र रोज बदलतो त्याची नको. तो उपमा देतोय आणि ती विचारतेय आत आलास कसा, भिंत उंच आहे, माझ्या माणसांनी बघितलं तर मारतील. हे फार घाईचं होतंय, वीज चमकली म्हणेपर्यंत विझते तसं, हेही तीच म्हणते. ठाकूरद्वार, तुमचा घाईचा आक्षेप आधी तिनेच घेऊन ठेवलाय! आणि मग लग्न करणार असशील तर उद्या निरोप पाठव, माणूस किती वाजता पाठवू? नऊ वाजता. चांदण्यातून थेट टाइमटेबलवर.

आठवीची_आई

सगळे प्रतिसाद वाचले. छान चर्चा आहे, पण मला एक खटकतंय ते लिहिते, राग मानू नका.

माझी मुलगी तेराची आहे. मी हे नाटक कॉलेजात वाचलं तेव्हा मीपण चांदण्यातच होते. आता तो चौथ्या अंकाचा पहिला प्रवेश वाचला आणि अंगावर काटा आला. एक तेरा वर्षांची मुलगी सुरी दाखवून सांगते की मी जीव देईन, आणि समोरचा शिकलेला, वयस्क, सगळ्या गावाचा विश्वास असलेला माणूस काय म्हणतो? तुझ्यात मरायची हिंमत आहे ना, मग मरणासारखंच एक काम आहे ते करशील, हे घे औषध, बेचाळीस तास मेल्यासारखी पडशील. तो तिच्या बापाकडे जाऊन मी यांचं लग्न लावलंय एवढं एक वाक्य बोलत नाही. कारण मग तो अडकतो. ती मोठी होते असं तुम्ही कौतुकाने म्हणताय, पण तिच्यावर ते लादलं गेलंय हो. आजूबाजूच्या सगळ्या मोठ्यांनी आपापलं मोठेपण खाली ठेवलं आणि ते त्या पोरीने उचललं. आणि शेवटाला "प्रौढत्व" वगैरे म्हणू नका प्लीज, एवढंच सांगायचं होतं.

सावरीकापूस

आठवीची_आई, शेवटाचं मी काही म्हणणारही नाही. माझ्यापुरतं तिचं मोठं होणं औषधाच्या रात्री पूर्ण झालेलं आहे, थडग्यात जे होतं ते मोठ्यांच्या चुकांचं बिल. फ्रायर तिथेसुद्धा काय करतो, पहारेकरी आले म्हणून घाबरतो, चल तुला जोगिणींच्या मठात ठेवतो म्हणतो, ती म्हणते तुम्ही जा मी येणार नाही, आणि तो खरंच जातो!! तिला एकटीला सोडून. मला रोमिओच्या विषापेक्षा हे जास्त लागतं.

आणि फ्रायर आपल्याला फसवत असेल का हा प्रश्न तिलाही पडलेला आहे, हे लोक विसरतात. औषध पिण्याआधी ती स्वतःलाच विचारते की हे विषच असेल तर? माझं आधी रोमिओशी लग्न लावलं ते उघडं पडू नये म्हणून यानेच मला मारायचं ठरवलं असेल तर? मग म्हणते नाही, तो आजवर सचोटीचाच ठरलाय. तेरा वर्षांची पोर, एकटी, गावातल्या सगळ्यात मान्य माणसावर संशय घेऊन बघते, पुरावा तपासते आणि सोडून देते. पण विचार केलेला असतो.

मास्तर_निवृत्त

आठवीची_आई यांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. त्यात एक भर. आईचं वय बघा. लेडी कॅप्युलेट म्हणते तुझ्या वयाची असताना मी तुझी आई झालेले होते. म्हणजे ती बाई आत्ता जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीसची, आणि नवरा असा की मुखवटा घालून नाचलो त्याला किती वर्षं झाली याचा मेजवानीत हिशोब करत बसतो, तीस तरी होतील म्हणतो दुसरा म्हातारा. तिला मुलीशी बोलता येत नाही म्हणून आपण हसतो, पण ती स्वतः कधी मोठी झाली? तिचं झालं ते फक्त लग्न.

(बेचाळीस तासांचा हिशोब मात्र कोणी करू नका, मंगळवारी रात्रीपासून मोजलेत तर गुरुवार संध्याकाळ होते आणि नाटकाचं कॅलेंडर कोलमडतं. शेक्सपिअर वार सांगतो काटेकोर आणि तास सांगतो अंदाजपंचे.)

पिंगळा

मास्तर तुम्ही लेडी कॅप्युलेटवर वेगळा धागा काढाच. आणि ती सुझन? दाईच्या मेलेल्या मुलीचं नाव सुझन आणि शेक्सपिअरच्या थोरल्या मुलीचं नाव सुझाना, १५८३ चा जन्म, म्हणजे हे नाटक लिहिलं जात होतं तेव्हा ती बारा-तेराचीच. योगायोग?

मास्तर_निवृत्त

नाव फार कॉमन होतं, त्यामुळे त्यावर माडी बांधायला नको. पण घरात त्या वयाची मुलगी असलेल्या माणसाने हे लिहिलंय एवढं खरं.

सावरीकापूस

आता मूळ कामाचं. भाचीला मी सांगितलंय की रडू नको. ती विचारतेय मग करू काय. रंगपट, मदत करा ना. इंग्रजीत नाही, मराठीत करायचंय, पाडगावकरांचा अनुवाद लायब्ररीतून आणलाय.

रंगपट

पाडगावकरांचा चांगला आहे, बोलायला सोपा.

तिला सांगा की पाठीमागे दोन बायका आत्ताच खोलीतून गेल्यात. आईने विचारलंय मदत हवी का, हिने नको म्हटलंय, दाईलाही आज मला एकटीला झोपू दे म्हणून पाठवलंय. प्रवेश तिथून उचलायचा, बंद दारावरून. "परत कधी भेट, देव जाणे." मग अंगातून गार शिरशिरी जाते आणि ती भीतीने हाक मारते, दाई! ही हाक खरी मारायला सांगा, मोठ्याने, लहान पोर मारते तशी. आणि मग थांबायचं. कारण पुढचं वाक्य आहे, ती इथे येऊन करणार काय? हा माझा प्रवेश मला एकटीनेच करायचाय. तुमचा सगळा धागा या दोन वाक्यांच्या मधल्या गॅपमधे बसतो. सवयीने तोंडातून नाव निघालं आणि निघाल्यावर आठवलं की ते माणूस आता आपलं नाही.

मग बाटली, मग खंजीर, औषध चाललं नाही तर उद्या लग्न, म्हणून "तू इथे राहा". खंजीर ठेवताना नाटकी नको, चष्मा काढून ठेवतो तसा ठेवायचा. त्यापुढे फ्रायरचा संशय, हा शांत, डोकं चालवत. आणि तिथून घसरगुंडी: वेळेआधी जाग आली तर, श्वास कोंडला तर, हाडं, कफनातला टिबाल्ट, मी वेडी होऊन पूर्वजाच्या हाडाने स्वतःचंच डोकं फोडलं तर. इथे वाक्यं लांब होत जातात, श्वास पुरत नाही, तो पुरवायचा पण नाही. शेवटी टिबाल्टचं भूत रोमिओला शोधताना दिसतं आणि ती त्याला थांब म्हणते. ती पिते ती धाडसाने की भुताच्या आणि रोमिओच्या मधे पडायला म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मुलीलाच ठरवू दे.

वेळ किती आहे?

सावरीकापूस

पाच मिनिटं. बेल वाजली की माईक बंद.

रंगपट

मग हाडांचा भाग अर्धा कापा, फ्रायरच्या संशयाला हात लावू नका. परीक्षकांना भूत आवडतं पण मार्क संशयावर मिळतील.

ठाकूरद्वार

भूत कापलंत तर मी येणार नाही बघायला. स्पर्धा कुठे आहे?